गेलताईंचं आयुष्य तासाभरात बसवताना

दरवर्षी 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या वाचनालयात तासाभराचं अभिवाचन असतं. संहिता लिहायचं काम बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडतं, कारण मी मराठीची शिक्षिका आणि 'नाही' म्हणायला मला जमत नाही. त्या वर्षी समितीतल्या सगळ्यात तरुण मुलीने डॉ. गेल ऑम्व्हेट यांचं नाव सुचवलं. आमचे खजिनदार लगेच म्हणाले, "अहो बाई, त्या तर आपल्या कासेगावच्या!"

आपल्या कासेगावच्या म्हणजे खरंच आपल्या. कराडकडून पेठ नाक्याकडे निघालात की हायवेवरच गाव लागतं. आमच्या भागात पन्नाशीच्या पुढच्या माणसाला गेलताई माहीत नाहीत असं सहसा होत नाही. गोरी बाई, मराठी बोलणारी, डॉ. भारत पाटणकरांची पत्नी, इंदुताईंची सून, मोर्चात पुढे दिसणारी. एवढं सगळे सांगतात. त्यांनी लिहिलेलं काय वाचलंय, असं विचारलं की मात्र सगळे छताकडे बघायला लागतात. देशोदेशीच्या विद्यापीठांत जातिअंताच्या चळवळीचा अभ्यास त्यांची पुस्तकं टाळून होत नाही, आणि त्या जिथे राहिल्या, जिथे 25 ऑगस्ट 2021 ला गेल्या, त्या वाळवा तालुक्याला त्यांच्या पुस्तकांची नावंही धड ठाऊक नाहीत. विषय पक्का झाला तो याच कारणाने.

साहित्य गोळा करताना पहिली अडचण आली ती आठवणींची. मागावी तिथे आठवण मिळायची. कुणाच्या मामाकडे त्या जेवायला आल्या होत्या, कुणाच्या चुलत्याला त्यांनी एसटीत जागा दिली होती. ऐकायला गोड, पण खरं-खोटं करायला वाव नाही. मग समितीने नियमच केला: छापलेलं आणि सार्वजनिक असेल तेवढंच संहितेत. ऐकीव आठवणी चहाच्या वेळेला. या एका नियमाने माझं निम्मं काम सोपं केलं आणि निम्मं अवघड, कारण छापलेलं बहुतेक सगळं इंग्रजीत होतं. एका कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तकं मिळाली, पण घरी न्यायला परवानगी नव्हती. रविवार धरून तिथेच बसायचं, वहीत उतरवायचं, लागतील ती पानं झेरॉक्स करायची. झेरॉक्सवाला शेवटी शेवटी म्हणायला लागला, "बाई, पीएचडी करताय का या वयात?"

पीएचडी त्यांनी केली होती आणि माझी सुरुवात तिथूनच झाली. जन्म 2 ऑगस्ट 1941, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं मिनिॲपोलिस. कार्लटन कॉलेजात शिक्षण, मग कॅलिफोर्नियात बर्कलीला समाजशास्त्र. साठच्या दशकातलं बर्कली म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाने पेटलेलं विद्यापीठ, आणि त्या विरोधात त्याही होत्या. अशी मुलगी 1970-71 च्या सुमारास प्रबंधाच्या कामाला महाराष्ट्रात येते आणि विषय घेते तो पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा, 1873 ते 1930 या काळातला. 1873 म्हणजे सत्यशोधक समाजाची स्थापना. 1930 म्हणजे केशवराव जेधे आणि मंडळी काँग्रेसच्या वाटेने गेली तो टप्पा. मधल्या 57 वर्षांत काय काय घडलं ते त्यांनी खणून काढलं: 'दीनबंधू'सारखी पत्रं, जलसे, जेधे-जवळकरांचं पुणं, साताऱ्याकडचं कुळांचं बंड. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय सरकारी मंडळाकडून छापून आलं 1969 मध्ये. म्हणजे मराठी वाचकालाच फुले एका जागी वाचायला मिळून जेमतेम वर्ष-दोन वर्षं झाली होती, तेव्हा ही बाई त्यांच्या चळवळीवर प्रबंध लिहीत होती.

कुळांच्या बंडाचं प्रकरण मी घरी वाचून दाखवलं तेव्हा माझे सासरे, वय पंच्याऐंशी, ताठ होऊन बसले. त्यांच्या वडिलांच्या तोंडून त्यांनी जलशाची गाणी ऐकलेली. पण त्याला इतिहास म्हणतात आणि त्यावर कुणी परदेशी विद्यापीठात प्रबंध लिहिला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "आपल्या घरातली भांडणं त्या बाईनं लिहून ठेवली म्हणायची," एवढंच म्हणाले आणि पुढचं पान वाचायला लावलं.

आता संहिता. चरित्र म्हटलं की हात आपोआप जन्मतारखेकडे जातो. मिनिॲपोलिसचा बर्फ, तिथून समुद्रापलीकडचा भारत, तिथून कासेगाव. वाचायला छान वाहतं असं प्रकरण. आमच्या वाचकांपैकी एक कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती मसुदा ऐकून म्हणाली, "ही मदर तेरेसांची गोष्ट वाटतेय. लांबून कुणीतरी येतं आणि आपलं भलं करतं." तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. गेलताईंच्या बाबतीत हा धोका पावलोपावली आहे. त्यांच्यावर लिहिलेले बरेचसे लेखही 'अमेरिका सोडून खेड्यात राहिलेली विदुषी' या वाक्याभोवती फिरतात. लिहिणाऱ्याचा सगळा अचंबा त्यांच्या कातडीच्या रंगाला आणि सोडून आलेल्या देशाला. कासेगावात त्यांच्या सासूबाई इंदुताई आणि सासरे बाबूजी, दोघंही इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातले. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच बाबूजींचा खून झाला आणि इंदुताईंनी पुढची साठेक वर्षं चळवळीतच काढली. गेलताई आल्या त्या अशा घरात. इथे कुणी उद्धाराची वाट बघत बसलेलं नव्हतं.

म्हणून सुरुवात बदलली. बर्फ गेला आणि दुष्काळ आला, 1972 चा. सभागृहातल्या निम्म्या लोकांना तो आठवत असणार हे धरून आम्ही खडी फोडणाऱ्या बायकांपासून सुरू केलं. सुकडी, कामावरचं हजेरीपत्रक, अमेरिकेतून आलेली लालभडक मिलो ज्वारी. (मिलोचं नाव घेतलं की आजही आमच्याकडे लोक तोंड वाकडं करतात. तालमीतही केलं.) त्या दुष्काळातून रोजगार हमीची मागणी उभी राहिली, शहरांत महागाईविरोधात लाटणं घेतलेल्या बायका रस्त्यावर आल्या, गावोगावच्या शेतमजूर बायका मोर्चात बोलायला लागल्या. त्यानंतर, 1975 च्या सुमारास, वही घेऊन त्यांच्यात बसलेली एक अमेरिकन बाई. असा प्रवेश. 1980 मध्ये त्या बायकांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. त्यात मतं कमी आहेत आणि माणसं जास्त आहेत. आमच्या तासाभरातला बराच मजकूर तिथून आला.

दुसरा निर्णय मोठा होता आणि त्यावर वाद झाला. अभिवाचनात चरित्रनायिका 'मी' म्हणून बोलली की ऐकणारा लगेच गुंततो. आमच्याकडे सावित्रीबाई, ताराबाई शिंदे, लक्ष्मीबाई टिळक सगळ्या 'मी' म्हणून बोलून गेल्यात. इथे मी नकार दिला. ज्यांना ओळखणारी माणसं अजून चार मैलांवर राहतात, त्यांच्या तोंडी मी माझी वाक्यं कशी घालू? शिवाय त्यांनी स्वतःबद्दल फारच कमी लिहिलंय. इतरांबद्दल हजारो पानं आणि स्वतःबद्दल इथे तिथे चार ओळी. तेव्हा तीन वाचक, तिघींचा आवाज वेगळा, आणि गेलताई कायम 'त्या'. एक इंग्रजीची प्राध्यापिका, एक मी, आणि तिसरी आमच्या बचतगटातली. तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या बाजूचं, शिक्षण दहावी, आणि वाचन असं की पहिल्या वाक्याला मागच्या रांगेतली कुजबुज थांबते.

नागरिकत्वाचं प्रकरण मी लांबलचक लिहिलं होतं. 1976 मध्ये लग्न, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कासेगावात कायमचा मुक्काम, 1983 मध्ये भारतीय नागरिकत्व. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. इथलं घ्यायचं तर तिथलं सोडायचं. म्हणजे ज्या देशात जन्मल्या, आईवडील जिथे, तिथे जायला पुढे व्हिसाच्या रांगेत उभं राहणं आलं. तालमीत हे ऐकून समितीतले एक काका म्हणाले, "आमचा नातू ग्रीन कार्डासाठी दहा वर्षं लटकलाय, आणि ह्या बाईंनी ते निळं पुस्तक परत दिलं?" हशा पिकला. मग प्रकरणाला कात्री लावली आणि चार वाक्यं ठेवली. कारण ऐकणाऱ्यांना बाकीचं आपोआप कळतं; आमच्या गावात दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी पुण्यात नाहीतर परदेशात आहे. गेलताईंची मुलगीही पुढे अमेरिकेतच स्थायिक झाली, हे पाचवं वाक्य ठेवायचं की नाही यावर थोडं अडलं. ठेवलं.

परित्यक्तांचा भाग कागदावरून लिहिता येईना. आमच्या सांगली-साताऱ्याकडे ऐंशीच्या दशकात स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना एकत्र आणलं आणि गेलताई त्यात होत्या. मागण्या वाचल्या तर आजच्या मुलींना कळतच नाहीत: स्वतंत्र रेशनकार्ड, घराला जागा, कसायला जमीन. रेशनकार्डासाठी मोर्चा? आमच्या तरुण मुलीने हाच प्रश्न विचारला. मग बचतगटातलीच ओळख काढून आम्ही शेजारच्या गावातल्या एका आजींकडे गेलो. त्या काळात त्या मोर्चात होत्या. नाव लिहायचं नाही, या अटीवर बोलल्या.

घर एका खोलीचं, पुढे पत्र्याची पडवी. आजींनी आम्हाला आत बसवलं आणि कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जुनं कार्ड काढलं. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, आतल्या पानांवर महिन्यांचे रकाने, रॉकेल आणि साखरेच्या पुढे दुकानदाराच्या बारीक सह्या. पहिल्या पानावर कुटुंबप्रमुखाच्या जागी त्यांचं नाव, आणि नावापुढे नवऱ्याचं नाव नाही, वडिलांचं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्याच्या आधी माझं नाव भावाच्या कारडात. भावजय म्हणायची, तुझी साखर आमच्यात येतीया, पन तू बी येतीस की. कारडावर नाव न्हाई त्यो मानूस असून नसल्यागत. आमी कचेरीत गेलो तर सायब म्हनला, बाईच्या नावानं कारड कसं काढायचं, दादला कुठाय? म्हनलं, त्योच तर हुडकत आलोय!" स्वतःच खूप हसल्या. कार्ड पुन्हा पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली.

हा संवाद आम्ही संहितेत घेतला, त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने. आमच्या नियमात तो बसत नव्हता, पण तो गेलताईंबद्दलचा नव्हताच. त्याला जोडून एकच माहितीचं वाक्य दिलं: 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली. गेलताईंबद्दल आजींना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हुती की ती गोरी बाई. लिवत बसायची." माझ्या मते कुठल्याही गौरवग्रंथापेक्षा हे बरं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पाण्याने. मुंबईचा गिरणी संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला. खानापूर-आटपाडीकडचे गिरणी कामगार गावी परत आले आणि गावी बघतात तर दुष्काळ. युनियन माहीत असलेली माणसं रिकामी बसत नाहीत. मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदी कोरडी का पडली याचा लोकांनी स्वतः शोध घेतला, लोकविज्ञान चळवळीतली माणसं आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते मदतीला आले. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. मग बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मागणी केली ती अफलातून होती: थोडी वाळू आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो. सरकारशी झगडून ते धरण उभं राहिलं, नाव बळीराजा. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणसागणिक वाटायचं आणि भूमिहीनालाही वाटा द्यायचा, हे त्याचं मुख्य सूत्र. नावही फुल्यांच्या लिखाणातल्या बळीचं. प्रबंधासाठी ज्यांनी फुले वाचले, त्यांना फुले पुढे असे नदीच्या वाळूत भेटले.

हे प्रकरण बचतगटातल्या आमच्या वाचिकेला दिलं होतं. पहिल्यांदा वाचताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाई, माझे वडील परळच्या गिरणीत होते. संपात आले ते परत गेलेच नाहीत." हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. नंतर ती सराईतपणे वाचायला लागली. इतकंच झालं की त्या भागात माझा एक शब्दही तिने बदलू दिला नाही, उलट माझे दोन-तीन शब्द तिने बदलले. मी 'उपसा' लिहिलं होतं तिथे तिने 'लूट' केलं.

इथवर सगळं एकमताने चाललं होतं. भांडण लागलं ते पुढे.

गेलताईंची कीर्ती डाव्या विचारांच्या म्हणून. त्या आणि भारत पाटणकर ज्या संघटनेत होते त्या श्रमिक मुक्ती दलाचा पायाच मार्क्स-फुले-आंबेडकर. पण त्यांनी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला उघड पाठिंबा दिला. शेतमालाच्या भावाचा प्रश्न हा श्रीमंत शेतकऱ्यांचा प्रश्न आहे असं म्हणून डावे मित्र नाक मुरडत होते, तेव्हा चांदवडला 1986 मध्ये जमलेल्या हजारो शेतकरी बायकांकडे बघा, असं त्या लिहीत होत्या. पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन करून दिली, तीही त्यांना मोठी गोष्ट वाटली. खुल्या बाजाराला सरसकट शत्रू मानायला त्या तयार नव्हत्या. आणि 1999 मध्ये नर्मदेच्या धरणाविरुद्ध अरुंधती रॉय यांनी लिहिलं तेव्हा गेलताईंनी त्यांना जाहीर पत्र लिहिलं. आशय असा, की दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला पाणी हवंय. धरणच नको असं त्याच्या वतीने शहरात बसून कुणी ठरवायचं नाही. धरणग्रस्तांसाठी आयुष्यभर लढणाऱ्या संघटनेतली बाई हे लिहिते, म्हणजे ते सहज फेकून देता येत नाही. 'आधी पुनर्वसन, मगच धरण' ही इथल्या धरणग्रस्तांची घोषणा आहे. ती धरणच नको असं म्हणत नाही, आणि आमचं घर बुडवून बांधा असंही म्हणत नाही.

समितीत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, जयंतीचा कार्यक्रम आहे, वाद कशाला? चार चांगल्या गोष्टी सांगा, दिवा लावा, घरी जा. दुसऱ्या बाजूला एक निवृत्त कार्यकर्ते होते. त्यांना गेलताईंची बाजाराबद्दलची मतं मुळीच पसंत नव्हती, आणि तरीही तेच जोरात म्हणाले, "हे काढलंत तर मी येणार नाही. आम्ही त्यांच्याशी भांडलोय. भांडण झाकून ठेवलं तर आम्ही पण खोटे आणि त्या पण खोट्या."

मला स्वतःला काय वाटतं तेही सांगते. बाजाराबद्दल मला त्यांचं सगळं पटत नाही. मी उसाच्या पट्ट्यात वाढले. पाणी कुणाकडे जातं आणि भाव कोण ठरवतं ते लहानपणापासून बघितलंय. शेतकऱ्याला मोकळं सोडलं की सगळे शेतकरी सारखे मोकळे होतात असं काही दिसलं नाही. पण माणसागणिक पाणी मागणाऱ्या बाईंना हे कळत नव्हतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि आपल्याच गोटातल्या लोकांना न आवडणारं चारचौघांत लिहायचं, छापायचं, वर पुन्हा त्यांच्याच शेजारी मोर्चात चालायचं, हे मला त्यांच्या देश सोडण्याहूनही अवघड वाटतं.

शेवटी तो भाग दोघींनी आमनेसामने वाचायचा ठरला. प्राध्यापिका रॉय यांच्या बाजूने, मी गेलताईंच्या. निकाल द्यायचा नाही. कोयनेच्या विस्थापितांपासून 1976 च्या पुनर्वसन कायद्यापर्यंतची पार्श्वभूमी तीन ओळींत. निवृत्त कार्यकर्त्यांनी त्या तीन ओळी स्वतः लिहून दिल्या, आणि त्यातली एक ओळ अर्धं पान भरेल इतकी लांब होती.

तालमींत सगळ्यात जास्त कात्री चालली ती सनांवर आणि संस्थांवर. पुणे विद्यापीठातलं फुले-आंबेडकर अध्यासन, भुवनेश्वर, कोपनहेगन, दिल्लीचं तीन मूर्ती, इग्नू. कागदावर हे भारदस्त दिसतं, मोठ्याने वाचलं की नोकरीचा अर्ज वाटतो. एका वाक्यात गुंडाळलं. बुद्धधम्मावरचं 2003 चं पुस्तक आणि बाबासाहेबांवरचं छोटं चरित्र यांना मात्र जागा दिली, कारण ती आमच्या वाचनालयात मागवता येण्यासारखी होती. रैदासांच्या बेगमपुऱ्यावरून नाव घेतलेलं 2008 चं पुस्तक शेवटाकडे घेतलं. दुःख नसलेल्या, कर नसलेल्या त्या गावाची कल्पना पंधराव्या-सोळाव्या शतकातला एक चर्मकार संत मांडतो आणि तिथून कबीर, तुकोबा, फुले, पंडिता रमाबाई, पेरियार, आंबेडकर अशी ओळ त्या लावतात. उतारवयात भारत पाटणकरांबरोबर त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, तेही याच ओळीत बसतं. आमच्या गावातल्या भजनी मंडळाने इथे एक अभंग म्हणायचं कबूल केलं. पखवाज आणायचा की नाही यावर जेवढी चर्चा झाली तेवढी सबंध चरित्रावर झाली नसेल.

कार्यक्रम झाला. माईकने पहिली पाच मिनिटं दगा दिला, तेव्हा बचतगटातली वाचिका माईक बाजूला सारून तशीच वाचत राहिली. रेशनकार्डाच्या भागाला मागच्या बाजूच्या बायकांतून "खरंय, खरंय" ऐकू आलं. आमनेसामनेच्या भागाला टाळ्या दोन्ही बाजूंना पडल्या, त्यातल्या काही एकाच माणसाच्या होत्या. प्रश्नांच्या वेळी पहिला प्रश्न आला, "त्यांना आपलं तिखट जमायचं का?" मी सांगितलं, छापलेलं नाही. दुसरा प्रश्न एका मुलाने विचारला: ही पुस्तकं मराठीत कुठे मिळतील? प्रबंधाचा मराठी अनुवाद आहे, तो आमच्याकडे नव्हता, आता आहे. दोन प्रती मागवल्या. एक कायम बाहेर असते. दुसरी माझ्या सासऱ्यांनी नेली आहे आणि मुदत संपून गेली तरी परत करायचं नाव नाही. वाचनालयाच्या दंडाचं रजिस्टर मीच ठेवते, त्यामुळे घरात जरा अवघड झालंय.

नंतर धरणग्रस्तांच्या एका वसाहतीतून बोलावणं आलं. तिथे हाच कार्यक्रम करायचा. आमनेसामनेचा भाग तिथे कसा वाचायचा, हा प्रश्न उभा राहिला. आमच्या गावात तो विचाराचा मुद्दा होता. तिथे समोर बसलेल्या माणसांच्या आधीच्या गावावर पाणी उभं आहे. प्राध्यापिकेचं मत, तसाच वाचावा, त्यांनाच त्यावर बोलायचा पहिला हक्क आहे. खजिनदारांचं मत, गाळावा. निवृत्त कार्यकर्त्यांनी आधी वसाहतीत जाऊन दोघा-तिघांना संहिता वाचून दाखवली. तिथल्या लोकांनी काही गाळायला सांगितलं नाही. उलट आपल्या बाजूचं एक पान जोडलं, त्यांच्या हाताने लिहिलेलं: जमिनी कधी मिळाल्या, किती मिळायच्या राहिल्या, नागरी सुविधांचं काय झालं. त्यामुळे कार्यक्रम आता तासाच्या वर जातो. वेळ जुळवायला बळीराजाचा भाग थोडा आखडता घ्यावा असं मी सुचवून बघितलं. वाचिकेने सरळ सांगितलं, "बाई, तुमचं बर्कली काढा की."

बर्कली आता दीड वाक्यात आहे.